पीळ

शाल काढा आधी, दोन्या एदुविना.
मागे टाकून चालणार नाही,
काढा, आणि त्या खिळ्याला अडकवा.
तुम्हीच कातलेली आहे, माहीत आहे मला,
पण ड्रिलला नातं कळत नाही.
एक दशी चकमध्ये सापडली
की बाकीची ओढत नेईल, मानेसकट.

हातमोजेही नकोत.
बोटं गारठू देत, उघडीच बरी.
चष्मा मात्र हवा. हा नव्हे, हा वाचायचा.
तो, माझ्या पिशवीतला, ओरखडे पडलेला.

ओहोटी लागली आहे.
घराच्या खांबांखाली चिखल उघडा पडलाय,
शिंपले, गंजकी बादली,
बेनिग्नोंच्या होडीची कुजलेली दोरी.
पाणी परत चढायच्या आत
जिन्याला कठडा बसला पाहिजे,
कारण मंगळवारी तुम्ही घसरलात
आणि शुक्रवारपर्यंत कुणाला बोलला नाहीत.

लाकूड लूमाचं. बेनिग्नोंनी ठेवलेलं,
कशासाठी ते न सांगता.
पाण्यात टाकलं तर दगडासारखं बुडेल असं.
खिळे ठोकून बघितलेत ना तुम्ही?
सात वाकडे खिळे पायरीवर तसेच पडलेत.

मांडीवर नाही!
टेबलाला लावा, दोन क्लॅम्प, आवळून.
बिट जिथून बाहेर येणार तिथे हात नको,
गुडघा नको, मांजर नको.
(मांजर उठलं, पण आपल्या सवडीनं.)
आणि बिट बदलताना बॅटरी बाहेर,
दर वेळी, घाई असली तर नक्कीच.
हा अंगठा बघा. हा व्रण घाईचाच आहे.

आधी बारीक भोक.
बोट दिलं की हात धरू देईल
असलं हे लाकूड नव्हे.
सावकाश. सरळ. ढकलू नका,
त्याला खाऊ द्या, मग जरा मागे घ्या,
भुसा बाहेर पडू द्या.
धूर? थांबा.
नका, नका हात लावू, बिट तापलंय.

इतकं सगळं ती ऐकत होती.
मग पहिला स्क्रू बसवायला मीच घेतला,
कसा बसवतात ते दाखवायला.
पाणी बघितलं खिडकीतून, कड्यावरचा आकडा
अठरावर नेला आणि घोडा दाबला.
*टक्.*
डोकं उडून टेबलाखाली गेलं.
पीळ आतच राहिला, लूमात, कायमचा.

ती काही बोलली नाही.
टोपलीतून चाती काढली,
लोकरीचा पुंजका धरला, फिरवली.
धागा आला, ताठ झाला,
आणखी फिरवली, धाग्याला गाठी पडू लागल्या,
आणखी. तुटला.
"तुटायच्या आधी बोटांना कळतं," ती म्हणाली.
"तुझ्या त्या आकड्यांना बोटं आहेत का?"

आहेत, म्हटलं. ऐकायची असतात.
आकडा चारवर आणला आणि ड्रिल तिच्या हातात दिलं.
चारवर स्क्रू अर्ध्यातच अडला,
ड्रिल नुसतंच करकरलं. सहा. थोडा पुढे गेला.
नऊवर त्याचं डोकं लाकडाशी समतल झालं
आणि मग आतून आवाज आला,
कट-कट-कट-कट,
तिनं घोडा सोडला, माझ्याकडे न बघता.
"पुरे म्हणतंय," ती म्हणाली.

पुढचे अकरा तिनंच बसवले.
मी फक्त कठडा धरला,
आणि एकदा सांगितलं, मनगट सरळ,
आणि एकदा काही सांगायला तोंड उघडलं
आणि मिटलं.

खाली पाणी बादलीपाशी आलं होतं.
बॅटरी तिनं स्वतः काढली,
आणि बाहेरच्या गारठ्यात राहायला नको
म्हणून लोकरीच्या मोज्यात घालून
चुलीपासून दूर, फळीवर ठेवली.
मग जिना उतरली, कठड्यावर हात ठेवून,
पाचव्या पायरीशी थांबली,
जिथे तो बिनडोक्याचा स्क्रू आहे,
तिथे अंगठा फिरवला.

"इथे तू आहेस," ती म्हणाली.

शाल अजून खिळ्यालाच होती.